प्र संपला

शरणपूरच्या चर्चमागच्या खोलीत
एकोणसाठ बांधीव खंड.
पाठीवर उडालेलं सोनेरी नाव: कृपावृत्त.
खाली बारीक टाइपात, मंडळीचे अधिकृत मासिक.
पाळक म्हणाले, बाई, तुम्ही आता रिटायर, सूची कराल का?
मला वाटलं, उन्हाळ्याभराचं काम.

पहिला अंक चार पानी.
वर्गणी सव्वा रुपया, टपालहशील निराळे.
मिशनच्या साहेबांचं कडक इस्त्रीचं मराठी,
"कळविण्यास आम्हांस हर्ष होतो की",
आणि मग बाप्तिस्म्यांची यादी.
दुष्काळातली पोरं. नावं नवी, आडनावं कोरी.
गावाच्या रकान्यात एकापुढे नुसतं:
पेठ रस्त्यावर सापडला.

साहेब गेले, भालेराव संपादक झाले,
भाषा थोडी घरात आली.
सिन्नरला मंडळीची विहीर. मालेगावी दोन लग्नं.
देवळालीच्या शिपायांसाठी विणलेले मोजे, जोड बावीस.
एक अख्खा खंड भांडणाचा,
उपासनेत मृदंग असावा की नसावा.
मृदंगवाले जिंकले असावेत.
पुढे त्यावर अक्षर नाही.

अधिकृत म्हणजे काय ते मला घरीच कळलं होतं.
माझे वडील, शमुवेल आढाव, तिथे खिळे जुळवायचे.
रात्री रॉकेलने हात धुता धुता
न छापलेला अंक सांगायचे:
पंचांनी कुणाला का वगळलं,
प्रभूच्या मेजाशी बसूनही
कुणाच्या सोयरिकीत जुनी जात निघाली.
आई म्हणायची, हळू. भिंतीपलीकडे भालेराव आहेत.

वडील सांगत, दुसऱ्यांच्या छापखान्यात काहीही संपेल,
आपल्याकडे प्र संपतो.
प्रभू, प्रार्थना, प्रीती, प्रेषित, प्रकाश, प्रायश्चित्त,
शिवाय दर पानाला एखादा प्रिय वाचक.
शिसं झिजून निम्म्या खिळ्यांचं तोंड गेलेलं.
नवे पुण्याहून मागवायचे तर कमिटीची मंजुरी,
आणि कमिटी तीन महिन्यांनी.

त्या डिसेंबरात सातव्या पानावरच प्र संपला.
आठव्याच्या कपाळी मथळा होता: प्रीतीचा सण.
जागा राखायला त्यांनी भ लावला,
तिसऱ्या पानाचा फर्मा सुटला की बदलू म्हणून.
मग दिवे गेले.
मग पहाट झाली, आणि पोस्टाची गाडी.
सातशे अंक गावोगाव पोचले:
नाताळ, भीतीचा सण.

जानेवारीत शुद्धिपत्र. पगारातून दोन रुपये कापले.
भालेराव आठवडाभर बोलले नाहीत,
बोलले असते तर बरं, वडील म्हणायचे.

फेब्रुवारीत सटाण्याहून एक कार्ड.
सलोमीबाई रणपिसे, बहुतेक दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं:
"शुद्धिपत्र पावले. माझ्या अंकाला ते लावणार नाही.
आमच्या घरी यंदा जे छापले तेच होते."
खाली शाईचा अंगठा.
ते कार्ड कुठल्याच खंडात नाही.
वडिलांच्या गीतपुस्तकात होतं,
त्यांच्यामागे माझ्या.

पुढच्या खंडांत माझं लक्ष लागलं नाही, खरं सांगते.
ऑफसेट आला, फोटो आले,
फोटोत रिबीन कापणारे तेच सात जण.
मग जोडअंक. मग कागदाचे भाव.
शेवटच्या अंकात रेव्हरंड गोडघाटे
यरुशलेमला निघालेले,
विमानतळावर सामान तपासतायत,
क्रमशः.
अकरा वर्षं झाली, ते अजून रांगेत उभे आहेत.

काल घोटीहून पाकीट आलं.
वहीच्या कागदात गुंडाळलेली पन्नासची नोट.
"वर्गणी पाठवीत आहे. मागील अंक मिळाले नाहीत,
कृपया पाहावे. हनोख तोरणे."

टेबलाच्या खणात पावतीपुस्तक होतं,
आठ पावत्या उरलेल्या.
मी कार्बन घातला, तारीख टाकली,
रुपये पन्नास फक्त.
त्यापुढे लिहायचं होतं प्राप्त.
पेन जरा थांबलं.